देवमनरावांच्या कानाचं नरसाळं

मी पत्र्याचं नरसाळं बोलतोय. जरा लांबूनच ऐका, माझ्या तोंडाला घासलेटचा वास येतो.

अकोल्याच्या बाजारात, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यापासून माझा जन्म झाला. पातूरच्या इंदूबाईंनी मला घेतलं ते बाटलीत घासलेट ओतायला. तिथवर माझं आयुष्य सरळ होतं.

त्यांचे मालक देवमनराव महायुद्धात मशिनगनवर होते. घरी आले ते कान तिकडेच ठेवून. त्यांच्याशी बोलून बोलून इंदूबाईंचा गळा बसला होता. नवऱ्याला चहा विचारला की निम्मी गल्ली हो म्हणायची. एकदा वैतागून त्यांनी माझी नळी देवमनरावांच्या कानात घातली आणि रुंद तोंडातून ओरडल्या, "जेवाले या!" देवमनराव उडालेच. तेव्हापासून माझा मुक्काम त्या कानात, पण माझ्यातूनही ओरडावंच लागायचं. आत काय काय पाहिलं ते सांगत नाही.

पुढे १९६२ साली डॉक्टरांनी इंदूबाईंना बजावलं, "आता ओरडलात तर आवाज कायमचा जाईल." त्या घाबरल्या. माजी सैनिकांचं काम पाहणारे अकोल्याचे कारकून उत्तमराव म्हणाले, "लढाईत कान गेले ना? मंग कानाचं यंत्र फुकट भेटते. काहून चिंता करता?"

सरकारी दवाखाना म्हणाला, फौजेचा माणूस, फौजेकडे जा. फौजी दवाखाना म्हणाला, आधी सरकारी दवाखान्याचा कागद आणा. उत्तमरावांनी तीन महिने पत्रं लिहून दोघांची सोयरीक जुळवली.

तपासणीला देवमनराव मिशा पिळून, मला कानाला लावून ताठ उभे राहिले. डॉक्टरसाहेब पाठीमागून गरजले, "नाव काय?" देवमनरावांनी मला गर्रकन मागे वळवलं आणि नाव, नंबर, पलटण, गाव सगळं खणखणीत सांगितलं. फौजी माणूस, परीक्षेत नापास होणं त्यांना ठाऊकच नव्हतं. साहेबांनी शेरा मारला: ऐकू येते, यंत्र नको.

"पास झालो!" देवमनराव घरी येऊन म्हणाले. इंदूबाईंनी कपाळावर हात मारला.

उत्तमरावांनी पुन्हा तारीख मिळवली आणि मला घरी ठेवायला सांगितलं. शिपायानं चारदा नाव पुकारलं, देवमनराव बाकावर छाती काढून बसून राहिले. शेरा: गैरहजर.

तिसऱ्या खेपेला इंदूबाई स्वतः गेल्या. मी त्यांच्या पदराखाली. नाव पुकारताच त्यांनी नवऱ्याला आत ढकललं. साहेबांनी विचारलं, "ऐकू येतं का?"

"हो साहेब, दोन भाकरी खाल्ल्या."

यंत्र मंजूर झालं.

खिशात डबी, कानात बोंडासारखं बटण, मधे वायर. इंदूबाई जवळ येऊन बसल्या. इतकी वर्षं त्या नवऱ्याशी जे बोलल्या, ते सगळं गल्लीच्या साक्षीनं. आता त्या नुसते ओठ हलवून काहीतरी कुजबुजल्या. देवमनराव चक्क लाजले. या वयात! मग म्हणाले, "अवो, हे आधी काहून नाई सांगतलं?"

"वरडून सांगाची गोष्ट हाये का ते?" इंदूबाई म्हणाल्या.

त्या काय बोलल्या, कोण जाणे. त्या कानात शिरणारा प्रत्येक शब्द माझ्यातून जायचा, आणि नेमका हाच मला ऐकू आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मी पुन्हा घासलेटच्या बाटलीवर बसलोय. कधी पातूरला गेलात, तर तेवढं इंदूबाईंना विचारून मला सांगाल का?