डाव्या हाताचा अंगठा

"मॅडम, हळू! हाड मोडता का काय?"

"हाडाले काई होत नाई, काका. शीर जुनी दुखावली हाय, घासल्याबिगर सुटत नाई," दीपमाला म्हणाली आणि तिनं डाव्या अंगठ्याचा जोर आणखी वाढवला.

अकोल्यातल्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती नऊ वर्षं होती. जुनाट टेनिस एल्बोवर तिच्या हातात दोन इलाज होते. एक, दुखऱ्या शिरेवर अंगठ्यानं आडवं घासायचं. दहा मिनिटं माणसाला देव आठवतात. दुसरा, कोपर बाजूला सरकवून धरायचं आणि माणसाला मूठ वळायला लावायची. जरासुद्धा दुखत नाही. गुण दोन्हींनी येतो. एरवी ती दुसऱ्यापासूनच सुरुवात करायची. वामनराव म्हैसन्यांना मात्र तिनं मुद्दाम पहिला दिला.

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. बाळापूरच्या शाळेत तिसरीत तेच तिचे गुरुजी होते. ती डावखुरी. वर्षभर त्यांनी लाकडी पट्टीच्या धारेनं तिच्या डाव्या हाताची बोटं सोलली, तेव्हा कुठे पेन्सिल उजव्या हातात गेली. आता तो पट्टीवाला हातच तिच्या टेबलावर पडला होता. निवृत्तीनंतर संत्र्याच्या बागेत कात्री चालवून चालवून कोपर धरलं होतं.

"टेनिस एल्बो म्हणे! आपून तं टेनिस डोयानं बी नाई पायलं," ते कण्हत म्हणाले. मग तिच्या हाताकडे पाहून हसले. "तुमी डावखुऱ्या दिसता. माह्या वर्गात असत्या तं सुधरवलं असतं. वीसेक पोरं सुधरवली म्या. एक बी रायलं नाई."

दीपमालाचा अंगठा थांबला. इतकी वर्षं तिला वाटायचं, या माणसाला कधीतरी वाईट वाटलं असेल. त्याला तर अजून अभिमान होता.

"काका, आता उजव्या हाताले आराम. जेवणं, लिहिणं, सारं डाव्या हातानं. रोज पानभर शुद्धलेखन काढा अन् मले आणून दाखवा."

"शुद्धलेखन कावून?"

"सवय व्हाले."

आरामाचा सल्ला खरा होता. शुद्धलेखन ही तिची पदरची भर.

पंधरा दिवसांनी ते वही घेऊन आले. अक्षरं रेघेवरून घसरलेली, वेलांट्या भलतीकडे. "लाज वाटते, बाई. डाव्या हातानं जेवतो तं सून तोंड फिरवते. मी येगळा बसून जेवून राहिलो."

दीपमालाचा जीव सुखावला. शेरा तिनं आधीच ठरवून ठेवला होता. तिनं लाल पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं, 'पुन्हा लिही.' खाली नाव घातलं: 'दीपमाला, इयत्ता तिसरी, बाळापूर.'

वामनरावांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"ओळखलं का, गुरुजी?" तिनं विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि वही टेबलावर ठेवली. तेव्हा तिनं आपलं अक्षर पाहिलं. तिसरीनंतर त्या हातानं तिनं एक ओळ लिहिली नव्हती. वेलांट्या भलतीकडे गेल्या होत्या, अक्षरं रेघेवरून घसरली होती. वरचं कोणाचं आणि खालचं कोणाचं, हे फक्त शाईवरून कळत होतं.