पहिला रहिवासी

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत वर्धापनदिनाचा केक पहिला रहिवासी कापतो, आणि पहिला रहिवासी म्हणजे हौसेराव, हे आम्हाला हौसेरावांनीच सांगितलेलं आहे. साताऱ्याचा गडी, तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलण्यात हयात गेलेली. वाद घालायला कोणी गेलं नाही. यंदा पंचविसावं वर्ष, म्हणून त्यांनी फेटा बांधला होता.

घोळ उज्वला मॅडमनी केला. बी विंगमधल्या भिमाबाईंची नात मैत्री नववीत आहे, तिला त्या इतिहास शिकवतात. त्यांनी प्रकल्प दिला: आपल्या इमारतीचा इतिहास लिहा, पण एका तोंडाचं ऐकू नका, तिघांना विचारा. सेक्रेटरींनी तो केकच्या आधी वाचायला ठेवला.

मैत्रीने वाचला. हौसेरावांच्या सांगण्यानुसार, त्यांनी नव्या घरात दूध उतू घालवलं तेव्हा इमारतीत चिटपाखरू नव्हतं. भिमाबाईंच्या सांगण्यानुसार, त्या दुधासाठी काडेपेटी त्यांच्याकडून नेली होती आणि ती अजून परत आलेली नाही.

हौसेराव सुरीसकट उठले. "काडी वहिनींची असंल. दूध माझं हुतं."

"इमारतीत कुणी नव्हतं, तर काडी मागितली कुणाला, भाऊ?" भिमाबाईंनी बसल्या बसल्या विचारलं.

हौसेरावांनी सुरी घट्ट धरली. तेवढ्यात तिसऱ्या साक्षीदार स्वतःच उभ्या राहिल्या: शेजारच्या गावठाणातल्या बाळाबाई, दारोदार मासळी विकणाऱ्या. ही जमीन पूर्वी त्यांची.

"तुमची लिफ्ट हाय ना, तिथं माजी म्हस बसायची. बारा वर्सं. तिला कोनी केक दिला?"

कमिटीने तिथल्या तिथे नियम काढून पाहिला. रहिवासी माणूसच असावा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हैस मात्र हयात नव्हती, तेव्हा मान तिच्या मालकिणीकडे गेला. बाळाबाईंनी फेट्याकडे पाहिलं, फेट्याखालच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला शुगर हाय," त्या म्हणाल्या. "त्यालाच कापू दे."

सेक्रेटरींनी माइकवर पुकारलं: कैलासवासी म्हशीच्या वतीने, श्रीयुत हौसेराव. टाळ्या पडल्या. हौसेरावांनी केक कापला आणि, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, पहिला तुकडा स्वतः न खाता भिमाबाईंपुढे धरला. "काडेपेटी फिटली, वहिनी."

मैत्रीने पेन उघडलं.

"लिहू नको," भिमाबाई केक खाता खाता म्हणाल्या. "ही त्यांची बाजू झाली."