हत्तीचे चार पाय

दोघी जावांपैकी थोरलीला अर्धवट काम खपत नसे, आणि उरलेली लोकर फेकलेली तर मुळीच खपत नसे. जन्मभर तिने घरादाराचे स्वेटर विणले आणि प्रत्येक स्वेटरमागे उरलेला गुंडा पत्र्याच्या डब्यात टाकला. पुढे दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या उद्योगाला लागली, स्वेटर मागणारं कुणी उरलं नाही. डबे मात्र तुडुंब. मग तिने खालच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेला हाताशी धरलं आणि दोघी क्रोशाने कापूस भरलेले प्राणी विणू लागल्या. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर ते आनंदाने घेऊन जात. दात काढताना जे पोर दवाखाना डोक्यावर घेई, त्याच्या हातात ससा नाहीतर हत्ती पडे.

उरल्यासुरल्या लोकरीचा कारभार, त्यामुळे हत्ती कधी अर्धा हिरवा नि अर्धा तपकिरी निघे.

"वहिनी, हा हत्ती आहे का गोधडी?" धाकटी विचारी.

"रडणाऱ्या पोराला रंग कुठे दिसतो?" थोरली म्हणे, की विषय संपला.

कामाची वाटणी पक्की होती. डोकं नि धड धाकटीचं. पाय, कान, शेपूट थोरलीचं. बारीक कामाला नेमका हात लागतो, आणि तो आपलाच आहे याबद्दल थोरलीला कधी शंका आली नव्हती. धाकटी पडली डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा तिला विणकाम शिकवायला कुणी धजेना. थोरलीने तिला समोर बसवलं, "आरशात बघतेस असं समज आणि कर," म्हणाली, आणि तिचा हात बसवून दिला. तेव्हापासून धाकटीच्या लेखी थोरलीचा शब्द शेवटचा.

या थंडीपासून मात्र थोरलीच्या बोटांचं काही खरं नव्हतं. अंगठा बधिर पडे, सुई निसटे, टाके गळत. एकाच हत्तीचे चार पाय चार मापांचे येऊ लागले, आणि हत्ती उभा केला की तोंडावर आपटे. थोरलीला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही.

"ज्या दिवशी माझं काम दुसऱ्या कुणाला निस्तरावं लागेल ना," ती एकदा म्हणाली, "त्या दिवशी ही सुई मी ठेवून देईन. आत्ताच सांगून ठेवते."

धाकटी मनाशी हिशेब करू लागली. सुई ठेवली की थोरली जिना उतरणार कशाला? आणि ती उतरली नाही तर दुपारी बोलायचं कुणाशी? टीव्ही बोलतो भरपूर, पण आपलं ऐकून घेत नाही. मग तिने एक उद्योग आरंभला. थोरली जेवून वर आडवी झाली, की ती तिचे पाय उसवायची, त्याच लोकरीचे नव्याने विणायची, कापूस दाबून भरायची आणि चहाच्या आत टोपलीत ठेवून द्यायची. एखाद्या चोराने धडे घ्यावेत अशी सफाई. थोरली खाली येई, पाय दाबून बघे आणि "बरे झालेत की!" म्हणे. आपल्या कामाचं कौतुक करताना माणूस चष्मा लावत नाही. धाकटी आपली चहाच्या कपात तोंड खुपसून बसे.

एका दुपारी शेपूट शिवताना टाका दिसेना म्हणून थोरलीने चष्मा लावला. हत्ती उलटा धरला आणि तशीच थांबली.

"हे पाय कुणी विणले?"

"तुम्हीच की, वहिनी."

"माझे टाके एकीकडे कलतात, हे बरोबर उलटे कललेत. या घरात डावखुरी कोण आहे? मी का तू?"

धाकटीने माप जुळवलं होतं, जाडी जुळवली होती. पण डाव्या हाताचा फेरा उलटा फिरतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला तो जन्मभर सरळच दिसत आला होता. ती हत्ती थोरलीच्या हातातून काढून घ्यायला गेली, आणि थोरलीला जे समजायचं ते समजलं.

"म्हणजे मी इथे बसून नुसतं सोंग करत होते," थोरली म्हणाली. सुई पिशवीत घातली आणि कठड्याला धरून जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी ती उतरली नाही, तिसऱ्याही नाही. चहाला हाक मारली तर वरून नुसतं "नको." धाकटीला घर खायला उठलं. शेवटी ती स्वतःच वर गेली आणि दारातच म्हणाली, "चुकले मी, वहिनी. पण हत्ती नीट उभे राहावेत म्हणून नाही केलं. तुम्ही यायचं बंद कराल म्हणून केलं. मला एकटीला करमत नाही हो."

थोरली खिडकीपासून वळली. "मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सुई ठेवून देईन."

"मी काय, हजार गोष्टी म्हणते," थोरली म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्या दुपारी ती खाली आली. एकच पाय विणायला घेतला. सुई दोनदा पडली. धाकटीने मान वर केली नाही. चहा निवून गेला तेव्हा कुठे पाय झाला. थोरलीने तो तिच्या हातात ठेवला.

"कसा झालाय?"

"छान" हा शब्द धाकटीच्या जिभेवर तयारच होता. तिने तो गिळला.

"वाकडा झालाय, वहिनी."

"मग उसव. माझ्यादेखत."

धाकटीने धागा ओढला. एवढ्या कष्टाने झालेला पाय बघता बघता सुटत गेला, आणि थोरली डोळे न मिटता ते पाहत राहिली. धाकटीला रडू आवरेना.

"लोकर भिजेल," थोरली म्हणाली. "आण इकडे." आणि तिने पुन्हा पहिला टाका घातला.