पुढे निघून गेलेला कॉम्प्युटर

भिंगरी टेबलावर एक बूट घेऊन बसली होती. त्याची नाडी बांधायला ती आज दुपारीच शिकली होती आणि ते आईला दाखवायचं होतं. आई जहाजावर समुद्राची खोली मोजायचं काम करते. आज जहाज बंदरातून सुटणार होतं, आणि एकदा सुटलं की कित्येक आठवडे तिचा आवाजही ऐकू येणार नव्हता. निघण्याआधी ती एक व्हिडिओ कॉल करणार होती.

नेमकं आजच कॉलचं ॲप अडून बसलं. ‘आधी अपडेट करा,’ म्हणालं. अपडेट करायला घेतलं, तर पट्टी जराशी सरकली आणि थांबली. ‘डाउनलोड होऊ शकलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

भिंगरीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. पुन्हा. माउसचा नुसता टकटकाट.

“अगं, किती बडवशील त्याला?” चष्मा पुसत आबा आले. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील. “बंद दारावर दहादा थाप मारून कळतं काय? दार बंद आहे, एवढंच.”

“मग तुम्ही उघडा ना! आई निघून जाईल!”

“उघडू. सरक जरा. आपली पद्धत काय?”

“आधी वाचायचं,” भिंगरी नाक ओढत म्हणाली, “मग घाबरायचं.”

“आणि?”

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

“शाब्बास. म्हणजे कशाने सुटलं ते कळतं.”

तिच्या बाबांचा फोन त्यांच्याबरोबर कारखान्यात गेला होता, दुसऱ्या पाळीला. आबांच्या जुन्या फोनवर फक्त बोलता यायचं, आणि बोलून काही नाडी बांधून दाखवता येत नाही. म्हणजे मदार सगळी या कॉम्प्युटरवर.

वायफायची खूण भरलेली होती. डिस्कवर जागा रग्गड होती. अर्धवट उतरलेली फाइल आबांनी पुसून टाकली आणि डाउनलोड पहिल्यापासून लावलं. पट्टी सरकली, थांबली.

“आता बंद करून चालू करू. झोप झाली की शहाण्यासारखा वागेल.”

कॉम्प्युटर झोपून उठला, पण शहाणपण काही आलं नव्हतं.

“आबा, हा मुद्दाम करतोय.”

“मुद्दाम करायला अक्कल लागते. ती याला कुठली? कॉम्प्युटरमधल्या ॲपच्या दुकानातून ते मिळत नाही ना, मग बनवणाऱ्यांच्याच इंटरनेटवरच्या पानावर जाऊन बघू.”

पानही उघडेना. पण इथे निरोप वेगळा होता. आबांनी शब्दांखाली बोट फिरवत तो मोठ्याने वाचला, “तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे आहे.”

भिंगरी एकदम बुटाच्या नाडीत गुंतली.

आबांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. वेळ बरोबर होती, तारीख मात्र तीन-चार महिने पुढची. मग त्यांची नजर मधल्या पाटीवर गेली. ‘आई यायला इतके दिवस’ अशी ती पाटी बाबांनी पडद्यावर लावली होती, आणि तिच्यावरचा आकडा रोज एकाने उतरायचा. आज तिथे शून्य होतं.

“मी काही मोडलं नाही,” भिंगरी बुटाला म्हणाली.

“मी कुठे म्हटलं मोडलंस?”

“मला फक्त शून्य कसं दिसतं ते बघायचं होतं. मग ते बघून छान वाटलं. म्हणून ठेवलं.”

आबांनी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

“हे बघ. ॲप देणारं मशीन लांब कुठेतरी असतं. ते आपल्याला ओळखपत्र दाखवतं. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक तारखेपर्यंत चालेल. आपला हा पठ्ठ्या ते बघतो आणि म्हणतो, याची मुदत तर संपली! कोण हा भामटा? आणि दार लावून घेतो.”

“म्हणजे दार आपणच लावलं?”

“आपणच. हा बिचारा एकटाच पुढे निघून गेलाय. तिथे अजून कुणी पोचलेलं नाही. मी नाही, तू नाही.”

“आई?”

“आईसुद्धा नाही. ती आजमध्येच आहे. बंदरावर.”

भिंगरीने बूट खाली ठेवला आणि माउस स्वतःकडे ओढला. ‘वेळ आपोआप ठरवा’ हे बटण तिनेच बंद केलं होतं, तिनेच चालू केलं. तारीख मागे आली. पाटीवरचं शून्य गेलं आणि तिथे एक जाडजूड आकडा येऊन बसला.

“केवढा मोठाय,” ती हळूच म्हणाली.

“आहे खरा.”

“उद्या एकाने कमी होईल?”

“होणार तर. न ढकलता.”

पट्टी सरकली, थांबली नाही, टोकाला गेली. ॲप उघडतंय तोच घंटा वाजली. आई हेल्मेट घालूनच आली होती, मागे लख्ख ऊन. भिंगरीने बूट कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवला. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली.

“अगं बाई! मी येऊन शिकवणार होते ना?”

“आबांनी शिकवलं.”

आईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “चला, जेवायची वेळ झाली तुमची.”

“तुझ्याकडे तर ऊन आहे!”

“हे घरच्या वेळेवर ठेवलंय. याच्यापायी आज कामावर उशिरा पोचले, चांगली बोलणी खाल्ली.”

भिंगरीचा चेहरा गंभीर झाला. “आई, ते नीट कर. नाहीतर तुझं काहीच डाउनलोड होणार नाही.”

आबा खोकला येईपर्यंत हसले. “मनगटावरचं राहू दे गं. त्याला कुणाचं ओळखपत्र तपासायचं नसतं.”

तिकडे भोंगा वाजला. आईने हात वर केला आणि चित्र तिथेच गोठलं. ‘पुन्हा प्रयत्न करा,’ असं खाली उमटलं. भिंगरीने ते नीट वाचलं, पण माउसला हात लावला नाही.

“जहाज सुटलं,” ती म्हणाली, आणि दुसरा बूट आणायला गेली.