ताईच्या बगीच्यात पडलेला दगड

आधीच सांगून टाकते, मी जळकी बाई आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त तोंडावर कोणी म्हणत नाही. आन पंचवीस वर्षांपासून जिच्यावर मी जळून राहिली, ती म्हणजे माझी थोरली जाऊ, प्रेमलताताई.

तसं पाहिलं तर जळावं असं त्यांच्यात आहे तरी काय? नववी नापास. पांढुर्ण्याजवळच्या तिगावला राहतात, संत्र्याचा बगीचा सांभाळतात. मी एमएस्सी, सौंसरच्या शाळेत सायन्सची मॅडम. पण सासूबाई होत्या तोवर वरण कोणाच्या हातचं चांगलं, तर प्रेमलताच्या. पाहुणा उतरेल कोणाकडं, तर प्रेमलताकडं. ताईनं वाळकं दांडकं रोवलं तरी त्याला पालवी फुटते, आन माझ्या कुंडीतली तुळस दर उन्हाळ्यात मरते.

माझं म्हणावं असं एकच होतं, शाळेच्या गेटजवळचा फळा. एकोणीस वर्षांपासून दर सोमवारी मी त्याच्यावर जगात लागलेला नवा शोध लिहिते. काळ्या विवराचा पहिला फोटो निघाला, लिहिलं. उत्तरेच्या थंड समुद्रातली शार्क चारशे वर्षं जगू शकते, लिहिलं. आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा तर फळा पुरला नाही, मी खाली भिंतीवर लिहिलं आन हेडमास्तरची बोलणी खाल्ली. पण शोध सगळे दुसऱ्यांचे. कोणी चिलीत बसलेला, कोणी जपानात. आपल्या मुलखातलं, आपल्या हाताला लागलेलं काहीतरी रिटायर व्हायच्या आत एकदा त्या फळ्यावर लिहायचं, एवढाच माझा हट्ट होता. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. उल्का दिसतील म्हणून डिसेंबरच्या थंडीत मी गच्चीवर घोंगडी घेऊन बसायची. आमचे हे, विनायकराव, म्हणायचे की तुझ्यावर पडली तर सर्दीच पडेल.

आन उल्का पडली कुठं? ताईच्या बगीच्यात. दिवसाढवळ्या.

पोळ्याच्या आठ दिवस आधी ताई बसनं सौंसरला आल्या आन थैलीतून एक काळा दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. सांगत होत्या की मंगळवारी दुपारी त्या बगीच्यात गवत निंदत होत्या, ढग नव्हता तरी गडगडलं, मग कायतरी सूं करत आलं आन हिरव्या संत्र्यांनी भरलेली एक फांदी तुटून खाली आली. ओल्या मातीत कोपरभर खड्डा पडला होता, त्यात हा सापडला. ताईनं तो धुतला, पुसला आन माझ्याकडं घेऊन आल्या. कारण घरात शिकलेली मी.

मी उचलून पाहिला. आकारानं नारळाएवढा, वजनाला वरवंट्यापेक्षा भारी. वरून करपलेल्या भाकरीसारखी पातळ काळी साल. एका कोपऱ्यात टवका उडाला होता, तिथं आतून राखाडी, आन त्या राखाडीत लोखंडाचे बारीक चमकणारे ठिपके. याचीच चित्रं मी एकोणीस वर्षं पोरांना दाखवत आली होती.

अशा वेळी माणसाला आनंद व्हायला पाहिजे. माझ्या पोटात दुखलं. दात आहेत त्याला चणे नाहीत आन चणे आहेत त्याला दात नाहीत, दुसरं काय! आयुष्यभर आकाशाकडं मान वर करून बसली मी, आन आकाशानं पत्ता काढला नववी नापास बाईचा. त्यात मला नियमही माहीत होता. असा दगड जिथं पडतो त्या गावाचं नाव त्याला देतात. म्हणजे जगाच्या यादीत तिगाव लागणार, पेपरात डोक्यावर पदर घेतलेला ताईचा फोटो येणार, आन मी फळ्यावर परत दुसऱ्याचाच शोध लिहिणार.

“काही नाही ताई,” मी म्हटलं, “कारखान्याच्या भट्टीतला मळ आहे. एखाद्या ट्रकमधून पडला असेल.”

ट्रकमधून पडला आन संत्र्याची फांदी मोडून गेला! माझ्या सातवीतल्या पोरांनी मला हसून हसून वेडं केलं असतं. पण ताईनं मान डोलावली, कारण मॅडमनं सांगितलं होतं. मी म्हटलं ठेवा इथंच, मी टाकून देते. तर त्यांनी दगड परत थैलीत घातला. वजनदार आहे, म्हणे, दार सारखं आपटते, त्याला लावायला कामी येईल. आता काय म्हणणार? जास्त मागितला असता तर त्यांना संशय आला असता.

मग मी ठरवलं. पोळ्याला आम्ही दरवर्षी तिगावला जातो. दारातला दगड पर्समध्ये टाकायचा, महिनाभर थांबायचं, आन बोरगावच्या एका शेतात मला सापडला असं सांगायचं. बोरगाव आमच्या सौंसरच्या बाजूचं. यादीत बोरगाव, शोधणारी अलका. फळ्यावर लिहायची ओळसुद्धा मी पाठ करून ठेवली होती. शाळेतला खडू आजवर घरी नेला नाही मी, आन हे करायला निघाली होती.

पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळायच्या आधी मी आत गेली. दाराला फरशीचा एक तुकडा लावलेला. सहज विचारल्यासारखं विचारलं तर ताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “तो कालच अंकुर घेऊन गेला. पोरायनं दगडाची पोती नदीवर नेली, गोटमारीसाठी. तू म्हटलं होतं ना, साधाच हाय.”

अंकुर त्यांचा मुलगा, चोवीस वर्षांचा घोडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आन दुसऱ्या काठावरून सावरगाव, मधल्या झाडावरच्या झेंड्यासाठी एकमेकांना दगड मारतात. पिढ्या गेल्या, कोणाच्या बापाला थांबवता आलं नाही. साडेचार अब्ज वर्षांचा दगड, पृथ्वीच्या वयाचा, आमच्या तिगावात उतरला आन आता सावरगाववाल्यांच्या टाळक्यात बसायला निघाला होता. माझ्या एका शब्दानं. सणाच्या दिवशी नदीवर जायचं म्हटलं तर कारण काय सांगणार?

गोटमारीच्या दिवशी मी सौंसरला मोबाइल घेऊन बसली. इतके जखमी, मग तितके जखमी, अशा बातम्या येत होत्या. मला काळजी होती दगड फुटेल त्याची. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, शाळेच्या लॅबमधलं नालाच्या आकाराचं चुंबक सुतळीला बांधलं आन पांढुर्ण्याची बस पकडली. नदीत उतरून पाहते तर काय, हजारो दगड आन सगळेच काळे. आमचा मुलूखच काळ्या दगडाचा. त्यात थोडं लोखंडही असते, त्यामुळं चुंबक जरा जरा सगळ्यांकडंच झुकत होतं. घोटाभर गढूळ पाण्यात उभी राहून मी दुपारी एकपर्यंत दगड उलटत होती, तेवढ्यात पुलावरून आवाज आला.

“काय वं अलका, काय शोधून राहिली?”

ताई अंकुरला घेऊन आल्या होत्या. गोटमारीत त्याच्या खांद्याला लागलं होतं, पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पट्टी बदलायची होती. मला दगड हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता. पाय पाण्यात होते, म्हणून म्हटलं, पाय धुता धुता जोडवं पडलं.

ताईनं अंकुरला घरी पाठवलं, पदर खोचला आन उतरल्या पाण्यात. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण एकेक दगड उचलून त्याच्याखाली बोटं फिरवून पाहत होत्या. माझ्या हातात चुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. ताईनं काही विचारलं नाही. अर्ध्या तासानं मी थकून काठावरच्या एका दगडावर जरा बसली, परत उतरली. त्या काही बसल्या नाहीत. शोधायचंही माझ्यापेक्षा यांनाच बरं जमते, म्हणून मला तिथंही राग येत होता.

तीन वाजत आले आन ताई थांबल्या. मी तीनदा पाहून गेलेल्या जागेतून त्यांनी तो काढला. टवका थोडा मोठा झाला होता, बाकी दगड साबूत.

“अव, हा तं आपल्या घरचाच व्हय,” त्या हसून म्हणाल्या. मध्ये येतो म्हणून बाजूला टाकायला त्यांनी हात वर केला. बाजूला नदीचा डोह होता.

तो डोहात गेला असता तर कोणाचाच झाला नसता. तिगावचा नाही, बोरगावचा नाही, माझा नाही आन ताईचाही नाही. खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. मला नाही तर तुलाही नाही. मग त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

“ताई, टाकू नका,” मी म्हटलं. “तो आकाशातून पडला आहे.”

मग सगळंच बाहेर आलं. भट्टीचा मळ, ट्रक, पर्स, बोरगाव, यादी, सगळं. ताई दगड कडेवर घेतल्यासारखा धरून उभ्या राहिल्या आन ऐकत होत्या. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. शेवटी मी म्हटलं की जोडवंही पडलं नाही.

“ते तं तू मघाशी दगडावर बसली तवाच दिसलं मले,” ताई म्हणाल्या. “दोन्ही पायात हायेत.”

“मग एवढा वेळ काय शोधत होत्या तुम्ही?”

“तू कायतरी शोधून राहिली होती ना. काय ते सांगशीन तवा सांगशीन, म्हटलं.”

दगड तपासायला नागपूरला पाठवला आहे. नाव तिगावचंच पाठवलं, ज्यांना सापडला त्यांचं नाव प्रेमलता. सोमवारी मी फळ्यावर तसंच लिहिलं, तपासणी व्हायची आहे हेही लिहिलं, आन खाली एक ओळ टाकली: आधी खोटी माहिती देणारी, अलका मॅडम. सगळी शाळा वाचत होती. शिक्षा म्हणून लिहिलं होतं, आन लिहिल्यावर जरा हलकंही वाटलं होतं.

दुपारी ताई आल्या, हिरव्या मिरच्यांची थैली घेऊन. फळ्यापुढं उभ्या राहून बोटानं एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. मग पदरानं ती शेवटची ओळ पुसून काढली, पदर झटकला आन म्हणाल्या, चाल घरी, चहा कर. एवढी शिक्षाही मला घेऊ दिली नाही बाईनं.