जाताना लागेल

टीव्ही घ्यायला माणसाला किती वेळ लागतो? एक संध्याकाळ धरा. घासाघीस करणारा असेल तर दोन. विलासला चार शुक्रवार पुरले नव्हते आणि आज पाचवा उजाडला होता.

बहारीनच्या झिंज भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो सकाळपासून येरझारा घालत होता. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर कुणी परदेशी तरुण टीव्हीची चिरफाड करत होता. हा पडदा काळोख चांगला दाखवतो, पण उजेडाच्या खोलीत फिका पडतो. तो उजळ आहे, पण गेम खेळताना चित्र मागे राहतं. साठ हर्ट्झ की एकशेवीस? पंचावन्न इंच की पासष्ट? इतकं ऐकून माणूस शहाणा व्हायला हवा. विलास मात्र रोज थोडा जास्तच गोंधळत होता. चहा निवला म्हणून त्याने कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि तिथेच विसरला.

या सगळ्याची सुरुवात अगदी साधी होती. इरावती, त्याची एकुलती एक मुलगी, बारावी झाली आणि तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बहारीनमध्ये वाढलेली आपली बरीच मुलं बारावीनंतर उडून जातात, त्यात नवल नाही. जूनमधल्या एका शुक्रवारी पोहे खाऊन झाल्यावर तिने जुना गेम कन्सोल टीव्हीला जोडला.

"बाबा, आपली टूर्नामेंट अर्धीच राहिलीये. ट्वेल्व्ह रेसेस होत्या, सिक्स झाल्या. मी जायच्या आधी फिनिश करू या ना, प्लीज!"

ती नववीत असताना बापलेकीने ती मोटारींची शर्यत सुरू केली होती. मग दहावी आली, क्लास आले, विलासचं प्रमोशन आलं. सहा शर्यती तशाच पडून राहिल्या. इरावतीच्या ते लक्षात होतं. विलास मात्र विसरून गेला होता.

दोघं खेळायला बसली आणि सातव्या शर्यतीत विलासची गाडी तीनदा कठड्यावर आदळली. इरावती हसून लोळायची बाकी होती.

"अगं, मी बटण दाबतो आणि गाडी नंतर वळते! हा टीव्हीच स्लो आहे," तो चिडून म्हणाला. "थांब, गेमिंगसाठी चांगला टीव्ही आणतो. मग बघ!"

शर्यत अर्ध्यावर सोडून तो उठला. आता टीव्ही आणायचा म्हणजे आणायचा, इतकं सोपं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण या घरात एकोणीस वर्षांत कुठलीही वस्तू एक प्रश्न विचारल्याशिवाय आली नव्हती: जाताना नेता येईल का? म्हणजे कायमचं भारतात जाताना. मिक्सर घेतला, त्याची वॉरंटी तिकडे चालेल का? सोफा नको, तो नेता येत नाही. वस्तू घरात आली की तिचा खोका पलंगाखाली जाई. त्याची बायको हेमा साफसफाई करताना वैतागली की विलासचं उत्तर ठरलेलं असे, "राहू दे गं, जाताना लागेल." जाण्याची तारीख दरवर्षी पुढे सरकत होती आणि पलंगाखाली आता झाडूसुद्धा शिरत नव्हता.

तसंच टीव्हीचं झालं. एक पसंत पडला, तर त्याची भारतात वॉरंटी नव्हती. दुसऱ्याची होती, तर तो इतका मोठा की पुण्यात घेऊन ठेवलेल्या फ्लॅटच्या भिंतीवर मावेना. तिसरा सगळ्यात बसत होता, पण पुढच्या महिन्यात सेल लागणार होता. दर शुक्रवारी विलास सीफच्या मॉलमध्ये जाई आणि अंधार पडता पडता रिकाम्या हाताने, भणभणत्या डोक्याने परत येई. इरावती विचारी, "बाबा, आज?" आणि तो म्हणे, "पुढच्या शुक्रवारी नक्की!"

आज तो पुढचा शुक्रवार होता. उद्या सकाळी हेमा आणि इरावती विमानात बसणार होत्या.

"अहो, आज तरी घरी थांबा," हेमा बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली. "पोरीचा शेवटचा दिवस आहे."

"म्हणून तर आज घेऊनच येतो. यल्ला, चला, निघतो. तासाभरात आलोच!"

इरावती तिच्या खोलीच्या दारात उभी होती. ती फक्त "ओके, बाबा" म्हणाली आणि आत गेली.

मॉलच्या पार्किंगमध्ये जागा मिळेपर्यंत विलासने चार फेऱ्या मारल्या. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लाववेना. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता.

"आलात साहेब?" वलीभाईंनी हसून हात पुढे केला. वलीभाई गुहागरकडचे, या दुकानात बावीस वर्षं जुने. पहिल्याच शुक्रवारी मराठी ऐकून त्यांची विलासशी ओळख झाली होती. "मी म्हटलंच, जुम्मा हाय म्हणजे साहेब येनारच."

"वलीभाई, आज फायनल. हा घेतला, तर खोका विमानाच्या कार्गोत बसेल ना? आणि वॉरंटी..."

वलीभाईंनी त्याला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली.

"साहेब, येक इचारू? टीव्ही कुनासाठी?"

"इरासाठी. म्हणजे आम्ही दोघं गेम खेळणार."

"आन ती जानार कवा?"

"उद्या सकाळी."

"आन तुमी?"

विलास अडखळला. "अजून... पाच-सहा वर्षं तरी."

"मंग कमाल हाय तुमची!" वलीभाईंचा आवाज चढला. पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "चार जुम्मे बघतोय. जाताना न्हेता येईल का, जाताना न्हेता येईल का! अवो, जानार तुमी न्हाय, पोरगी जातेय!"

विलासने तोंडाला लावलेली बाटली खाली ठेवली.

वलीभाई जरा नरमले. "वाईट वाटून घेऊ नका. मी बी त्याच शाळंतला. माजी पोरगी जिकरा सात वर्षांची व्हती तवा सायकल घेतली. लाल. पन ती गावच्या घरासाठी, म्हनून प्लास्टिक काडलं न्हाय. माज्या पोराच्या, नईमच्या खोलीत भिंतीला उभी. पोरगी रोज तिची घंटी वाजवायची, बस. बायको, बिल्किस, बोलायची, चालवू दे तिला खालच्या गल्लीत. मी म्हनायचो, खराब हुईल, गावाला जाताना लागेल. तीन वर्षांनी गावाला न्हेली. प्लास्टिक काडलं. जिकरा बसली, तर गुडघं हँडलाला लागाया लागले."

"मग?"

"मग काय? खलास. शेजाऱ्याच्या पोराला दिली. सायकल अजून नवी हाय, साहेब. पोरगीच मोठी झाली."

भिंतीवरचे सगळे मासे एकदम वळले.

"आता टीव्हीचं ऐका," वलीभाई म्हणाले. "बटन दाबल्यावर गाडी उशिरा वळते ना? तुमच्या जुन्या टीव्हीत सेटिंग हाय, गेम मोड. ते बंद असलं की टीव्ही चित्र सजवत बसतो, म्हनून उशीर. चालू करा, धा सेकंदांचं काम. टीव्ही घ्याचा तर घ्या नंतर, सावकाश. आज मी तुमाला इकनार न्हाय."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी वॉरंटीबिगर काय इचारलंत का?"

विलास पार्किंगकडे जवळजवळ धावतच सुटला. सीफपासून झिंजपर्यंतचा प्रत्येक सिग्नल त्याच्यासाठी लाल झाला. चार शुक्रवार! त्या चार शुक्रवारांत सहाच काय, साठ शर्यती झाल्या असत्या. त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने कारण नसताना हॉर्न वाजवला.

दार उघडून तो आत आला आणि जागीच थबकला. दाराशेजारी कन्सोलचा खोका ठेवला होता. तोच, नऊ वर्षं पलंगाखाली जपलेला. त्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि मार्करने लिहिलेलं नाव: कश्मिरा, फोर्थ फ्लोअर.

"मी वरच्या कश्मिराला देतेय, बाबा," इरावती शांतपणे म्हणाली. "होस्टेलमध्ये टीव्ही नाहीये. बॉक्स होताच ना, तुम्हीच ठेवलेला. सगळं परफेक्ट बसलं."

"आणि आपली टूर्नामेंट?"

"इट्स ओके. मला वाटलं, तुम्हाला खेळायचंच नाहीये. टीव्ही फक्त एक्सक्यूज आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि विलासला तेच सोसवेना. रागावली असती तर त्याने समजूत तरी घातली असती. तो खाली बसला आणि त्याने खोक्याच्या झाकणात बोटं घातली. चिकटपट्टी निघेना. त्याने जोर लावला आणि खोका टर्रकन तळापर्यंत फाटला!

"अहो, खोका!" हेमा आतून ओरडली. एकोणीस वर्षांच्या सवयीने तिच्याही तोंडून तेच निघालं.

"फाटू दे! नाही लागत!" विलासने खोका तिच्याकडे सरकवला. "इरा, चुकलं माझं. गाडी आदळली म्हणून मी टीव्हीला दोष दिला. मग टीव्ही शोधता शोधता तुझे शुक्रवार घालवले. तुला थांब म्हणालो, पण तुझी थांबायची वेळ संपत आलीये हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. खेळशील आज? सहाच्या सहा."

इरावतीने फाटक्या खोक्यातून रिमोटसारखे ते दोन कंट्रोलर काढले आणि एक त्याच्या मांडीवर टाकला. "सेव्हन्थ रेसपासून. आणि नो एक्सक्यूजेस!"

त्याने कन्सोल पुन्हा जोडला आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड शोधला. तो खरंच तिथे होता, नऊ वर्षं कुणी न दाबलेला. आता बटण दाबताच गाडी वळू लागली. आणि विलास तरीही हरला! सातवी हरला, आठवी हरला, नववीत तर उलट्या दिशेने सुटला. हेमा बॅगा सोडून खुर्चीच्या हातावर येऊन बसली आणि दहाव्या शर्यतीत लेकीच्या बाजूने ओरडू लागली. बारावी संपली तेव्हा सूर्य मावळून मगरिबची अजान होत होती. इरावतीने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "थँक यू, बाबा. मला एवढंच हवं होतं."

वाचकहो, परक्या मुलुखात राहणारे आपण सगळे एक पाय बॅगेत ठेवून जगतो. पुढची सोय पाहणं चुकीचं नाही. पण 'गेल्यावर करू', 'घेतल्यावर खेळू' म्हणताना एकदा घरात नजर फिरवा. वस्तूंना वॉरंटी असते. आपल्या माणसांच्या सहवासाला नसते! नव्या टीव्हीसाठी मुलांना थांबवू नका; जो आहे, त्याच्यासमोर आज त्यांच्याशेजारी बसा.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून परतल्यावर विलास वर जाऊन कन्सोल कश्मिराला देऊन आला, उशीच्या खोळीत घालून. मग त्याने पलंगाखालचे सगळे खोके ओढून काढले आणि दोन खेपा करून खालच्या कचराकुंडीजवळ नेऊन ठेवले. जाताना लागणारी एकच गोष्ट होती, कालची संध्याकाळ, आणि ती इरावतीने सोबत नेली होती.