के साठच्या टेबलाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं भांडतात ती नव्हे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला रोग्यांचे कागद येतात, त्या खोलीतली मी वेताची, बिनहातांची खुर्ची. सुताराने घडवलं तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दिवाणखान्यात मिरवीन. नशिबी आल्या ताई, आणि नशीब चांगलंच निघालं.

ताईंचं काम प्रत्येक रोगाला आकडा लावण्याचं. समोर काका; काम तेच, वयाने वडील. रोगाचं नाव त्या खोलीत कुणी घेत नसे. के साठ म्हणजे गुदद्वाराचं दुखणं. पुढे पॉइंट एक लागला तर जुनी चीर, पॉइंट तीन लागला तर भगंदर.

"काका, आज साठांची रांग लागलीय!" ताई हसून म्हणायच्या. मग डॉक्टरांच्या गिचमीड अक्षरावरून दोघांची हुज्जत चहा थंड होईपर्यंत चालायची. फार गोड दिवस होते ते.

पुढे ताई एका बाजूला कलून बसू लागल्या. आधी वाटलं, कंबर धरली असेल. पण बसताना त्या दातओठ खात, दुपारचा डबा तसाच परत नेत. जेवलं की दुसऱ्या सकाळी भोगावं लागे ना! खुर्चीपासून काय लपणार? माझा जीव तुटायचा.

शेवटी काकांनी विचारलंच, "अगं, उभ्याने काय लिहितेस? काय होतंय?"

ताई खाली बघत म्हणाल्या, "साठ."

"पॉइंट?"

"काय माहीत. दाखवलंच नाही कुणाला."

"वेडी की काय! अंगावर काढतेस?"

"दाखवलं की कागद इथेच येणार ना, काका! तुम्हीच वाचणार. मग तुमच्यासमोर बसू कशी?" ताईंचे डोळे भरून आले.

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझ्या भगंदराला आकडा कुणी लावला, आठवतं?"

"तुम्हाला? कधी?"

"मी मोठ्या रजेवर होतो तेव्हा. तूच लावलास, खाली सही तुझी. परत आलो तेव्हा मान वर करवत नव्हती मला. आणि तू विचारलंस, 'काका, चहा सांगू?'"

ताईंनी आठवून पाहिलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

"ऊठ आता," काका म्हणाले, "डॉक्टर बसलेत अजून."

चीरच निघाली, पण बरीच जुनी. छोटी शस्त्रक्रिया झाली. रजा संपवून ताई आल्या आणि ऐसपैस बसल्या. त्या दिवशी त्यांचं ओझं मला ओझं वाटलंच नाही.

आता आकडे यंत्र लावतं. वेत फाटला म्हणून मी अडगळीत आहे. दोघांची फार आठवण येते, त्यातही काकांच्या निरोपाच्या दिवसाची. सगळे पांगल्यावर ताईंनी हळूच विचारलं, "काका, माझ्या कागदावर आकडा तुम्हीच लावलात ना?"

"कसला कागद?" काका म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

ते खरंच विसरले होते की नाही, मला आजवर कळलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, लाजेपायी दुखणं अंगावर काढू नका. तुमचा कागद वाचणारे बहुतेक विसरून जातात. आणि न विसरणाऱ्यांतही एखादे काका असतात.